तारेला चिलखत आहे, पण...

नाशिकमध्ये सध्या जिकडे जावे तिकडे रस्ते खोदलेले आहेत. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, त्यामुळे कामे व्हायलाच हवीत. माझे म्हणणे त्या खोदकामात तुटणाऱ्या इंटरनेटच्या तारेबद्दल आहे.

जमिनीखालची ऑप्टिकल फायबर केबल म्हणजे काचेचे धागे. एकेका धाग्याची जाडी १२५ मायक्रॉन, साधारण केसाएवढी. ओल शिरू नये म्हणून आत जेल भरतात. उंदरांनी कुरतडू नये, दगडाने दबू नये म्हणून पोलादाचा पन्हळी पत्रा गुंडाळतात आणि वर काळे प्लास्टिक चढवतात. हिला 'आर्मर्ड' केबल म्हणतात. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, म्हणून सांगतो : उर्दूत जिरहबख्तर, मराठीत चिलखत. पण हे चिलखत उंदराच्या दातांसाठी आहे, जेसीबीच्या दातांपुढे ते टिकत नाही. तुटलेला प्रत्येक धागा यंत्राने वितळवून जोडावा लागतो. त्यात वेळ जातो.

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. शिष्यवृत्तीचे अर्जही ऑनलाइनच. चौक मंडई किंवा वडाळा नाक्याकडच्या ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि तोही वडिलांबरोबर कामावर जातो, तिथली मुलगी सायबर कॅफेवरच अवलंबून असते. शेवटच्या तारखेला ती "लाइन नाही" हे ऐकून परत फिरली, तर त्याची नोंद कुठे होते? मग आम्हालाच ऐकवले जाते, तुमच्या समाजाला शिक्षणाची आवड नाही!

खोदण्यापूर्वी तिथल्या तारा, नळ, गॅस यांच्या मालकांना कळवता यावे म्हणून केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ रोजी 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू केले. म्हणजे सोय आहे, ती वापरायला हवी. महापालिकेने ठेकेदाराला परवानगी देतानाच ही सूचना दिल्याचा पुरावा मागावा. कामाच्या फलकावर जबाबदार माणसाचा फोन नंबर असावा. प्रवेशाच्या दिवसांत तार तुटली, तर जोडणीची मुदत ठरलेली असावी.

आणि थोडे आपल्याकडेही पाहू. नळजोडणीसाठी रातोरात गल्ली फोडणारे आपलेच भाईबंद असतात. कुदळ मारण्याआधी खाली काय आहे, एवढे विचारायला काय जाते? त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला शेजाऱ्याच्या मुलीचा अर्ज असू शकतो.