क्षेत्रसभा कोणाला नको आहे?

गेल्या महिन्यात एका क्षेत्रीय कार्यालयात नागरिक संघटनांची बैठक होती. वेळ अकराची, सुरुवात पावणेबाराला. टेबलाभोवती आपणच सगळे : सोसायट्यांचे सचिव, ज्येष्ठ नागरिक संघाचे दोघे, एका नागरिक मंचाच्या निमंत्रक. भटकी कुत्री, पदपथावरच्या टपऱ्या, खचलेले चेंबर, पुन्हा कुत्री. कनिष्ठ अभियंता दर मुद्द्याला ‘नोंद घेतली’ म्हणत होते आणि खरोखरच वहीत लिहीत होते. दाराशी नाल्याकाठच्या वस्तीतल्या एक बाई उभ्या होत्या. सार्वजनिक स्वच्छतागृहातला दिवा दीड महिना बंद आहे, अंधार पडल्यावर मुली जायला घाबरतात, एवढेच त्यांना सांगायचे होते. वस्तीची नोंदणीकृत संस्था नाही, त्यामुळे बैठकीचे पत्र त्यांना गेलेले नव्हते. शिपायाकडून कळले म्हणून त्या आल्या. चहाचा कागदी कप त्यांच्यापर्यंत पोहोचला, बोलायची पाळी पोहोचली नाही. आम्हीही त्या टेबलाशी बसलो होतो आणि ‘आधी यांचे ऐकून घेऊ’ असे आम्हीही म्हटले नाही.

दिवा दोन दिवसांनी लागला. अभियंत्यांना आम्ही फोन केला म्हणून. आमचा फोन उचलला जातो आणि त्या बाईंचा उचलला जात नाही, हाच या संपादकीयाचा विषय आहे.

आपल्या वाचकांना कायदा नवा नाही, तरी थोडी उजळणी. ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली आणि तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या आल्या. या समितीवर स्वयंसेवी आणि वस्तीपातळीवरच्या संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेण्याची सोय आपल्या महापालिका अधिनियमात आहे. मात्र त्यांची निवड नगरसेवकांनी करायची. या जागांवर बहुधा कोण बसते, ते आपल्यापैकी प्रत्येकाने जवळून पाहिले आहे. पुढे डिसेंबर २००५ मध्ये केंद्राचे नागरी पुनरुत्थान अभियान आले. निधी हवा असेल तर लोकसहभागाचा कायदा करा, ही त्याची अट होती. त्या अटीपोटी २००९ मध्ये महाराष्ट्राने क्षेत्रसभा कायद्यात आणली. काही लगतच्या मतदान केंद्रांचा परिसर म्हणजे एक क्षेत्र. त्या मतदारयादीतला प्रत्येक जण सभेचा सभासद, अध्यक्षस्थानी नगरसेवक. कोणती कामे हवीत, त्यांतले आधी कोणते, पाणी-दिवे-स्वच्छता यांत कमी कुठे आहे, हे सभेने सांगायचे. थोडक्यात, शहराची ग्रामसभा.

ती बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली. चार सदस्यांच्या प्रभागात चौघांपैकी कोणाच्या अध्यक्षतेखाली कोणत्या गल्लीची सभा, एवढा साधा गुंताही कोणी मनापासून सोडवायला घेतला नाही. नगरसेवकाला ती नको, कारण ‘स’ यादीतले, म्हणजे अंदाजपत्रकात त्याने प्रभागासाठी सुचवलेले काम चारचौघांत तपासले जाईल. प्रशासनाला नको, कारण आणखी एक इतिवृत्त लिहावे लागेल. हे आपण दर परिसंवादात बोलतो. मग आपण, म्हणजे नागरिक संघटनांनी, तरी ती कधी जिद्दीने मागितली का?

आमचे स्पष्ट मत आहे की नाही मागितली. मागितली असेल तर चार ओळींच्या निवेदनात, सातव्या क्रमांकावर. कारण क्षेत्रसभेत सोसायटीचा शिक्का चालत नाही. तिथे नाल्याकाठच्या त्या बाईंना आणि सोसायटीच्या अध्यक्षांना सारखेच एक मत. शिवाय वस्तीतले मतदार बहुतेक वेळा आपल्यापेक्षा जास्त.

आपल्या चळवळीची कमाई खोटी नाही. १९९७च्या सुमारास घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी कचरा आणि रस्ता स्वतःच्या हाती घेतला. त्यातून मुंबई महापालिकेची एएलएमची (अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) पद्धत उभी राहिली आणि पुढे शेकडो गल्ल्यांत गेली. ओला-सुका हे शब्द आज घराघरांत आहेत, त्यात या गल्ल्यांचा वाटा मोठा. पण या कराराचे स्वरूप पाहा : गल्ली आम्ही सांभाळतो, तुम्ही गाडी वेळेवर पाठवा. यात शेजारधर्म आहे, शिस्त आहे. पैसा कुठे जावा हा प्रश्न यात नाही.

तो प्रश्न पुण्याने हाती घेतला. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून चाललेल्या प्रयोगावरून इथे २००६ मध्ये ‘नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक’ सुरू झाले. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरायचा आणि पदपथ, दिवे, बाक, बसथांबा अशी लहान कामे सुचवायची. कल्पना चांगली, आणि ती टिकली हे विशेष. पण आमच्या पाहण्यातली एक गोष्ट सांगतो. एका उद्यानालगत नागरिकांच्या अर्जातून दोन बाक आले. बसायची फळी हिरवी आणि पाठीवर पांढऱ्या अक्षरांत ‘यांच्या संकल्पनेतून’. संकल्पना अर्थातच माननीयांची. ज्या काकांनी अर्ज भरला, ते रोज त्या नावाला पाठ टेकून पेपर वाचतात!

नावाचे सोडा. अर्ज भरणाऱ्यांपैकी किती जण पुढे अंदाजपत्रकाचे पुस्तक उघडून आपले काम कोणत्या लेखाशीर्षाखाली आणि किती रुपयांनी आले ते पाहतात? पूर्वगणनपत्रक कोणत्या दरसूचीवर केले, निविदा केव्हा निघाली, आणि वर्षाच्या मध्यावर वर्गीकरणाचा ठराव आणून आपल्या पदपथाचे पैसे कुठल्या कमानीकडे वळवले, हे कोण विचारते? वर्गीकरण हा शब्द ज्या कार्यकर्त्याला माहीत नाही, त्याचा सहभाग अर्ज भरण्यापाशी संपतो. तक्रार आपल्याला उत्तम जमते, कारण तक्रारीत समोरच्याने काम करायचे असते. अंदाजपत्रकाच्या मागे लागायचे तर वर्षभर पाठपुरावा आपणच करायचा असतो.

मार्च २०२२ मध्ये मुंबई-पुण्यासारख्या महापालिकांची मुदत संपली आणि पुढची निवडणूक व्हायला जानेवारी २०२६ उजाडला. मधल्या जवळजवळ चार वर्षांत ना नगरसेवक, ना प्रभाग समित्या. या काळात आपल्यातल्या काहींच्या तोंडून ऐकले, ‘प्रशासक बरा, एका फोनवर काम होते.’ आम्हाला याचे वाईट वाटते. एका फोनवर कोणाचे काम होते, ते वर आलेच आहे.

दुसऱ्या बाजूचे उदाहरणही आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा आला आणि त्यावर पन्नास हजारांहून अधिक हरकती-सूचना दाखल झाल्या. त्यात वारसा जपणारे होते, सोसायट्या होत्या. आपल्या वाड्या आणि वस्त्या नकाशावर नीट दाखवा म्हणणारे कोळीवाडे, गावठाणे आणि झोपडपट्ट्याही होत्या. ‘हमारा शहर विकास नियोजन अभियाना’ने वस्त्यावस्त्यांतून त्यासाठी काम केले होते. एप्रिलमध्ये सरकारला तो मसुदा फेरतपासणीसाठी मागे घ्यावा लागला आणि सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला. सुशिक्षित आणि गरीब एकाच मुद्द्यावर, एकाच मुदतीत, लेखी बोलले तर काय होते, याचा याहून चांगला दाखला आम्हाला माहीत नाही.

पथविक्रेत्यांच्या २०१४च्या कायद्याने तर आपल्याला एका टेबलाशी बसवलेच आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य खुद्द विक्रेत्यांनी निवडून दिलेले असतात, आणि रहिवासी संघटनांनाही जागा आहे. पण आपण तिथे ‘अतिक्रमण’ हा एकच शब्द घेऊन जातो. ज्याच्याकडून सकाळी कोथिंबीर घेतली, त्याच्याचविरुद्ध संध्याकाळी निवेदन!

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेत सर्वांची सहमती होईपर्यंत निर्णय थांबतो. आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब होते आणि मग तेवढ्याच माणसांत, त्याच खुर्च्यांवर ठराव मंजूर होतो. ही सवय घेऊनच आपण क्षेत्रीय कार्यालयात जातो.

म्हणून एक विनंती. निवडून आलेले नगरसेवक अजून नवे आहेत आणि अंदाजपत्रकाचे अर्ज अजून सुटायचे आहेत. त्याआधी आपल्या प्रभागातल्या चारही नगरसेवकांना मिळून एकच पत्र द्या. मुंबईत असाल तर तुमच्या एका नगरसेवकाला. पत्रात तक्रार एकही नको, फक्त क्षेत्रसभेची तारीख मागा. पत्रावर सोसायट्यांच्या शिक्क्यांखाली समोरच्या वस्तीतल्या किमान दहा मतदारांच्या सह्या असू द्या, आणि त्या सह्या घ्यायला स्वतः जा, वॉचमनला पाठवू नका. पत्राची पोच आणि महिन्याभरात आलेले उत्तर आमच्याकडे पाठवा. उत्तर आले नाही तर तसे कळवा. प्रभागनिहाय यादी आम्ही दिवाळीच्या आधीच्या अंकात छापू.