पुस्तक मिटा आणि आईला सांगा

गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो. अकरावीची पहिली चाचणी झाली आणि दहावीला नव्वद टक्के मिळवलेल्या एका मुलाला भौतिकशास्त्रात पंचवीसपैकी सात गुण पडले. दुसऱ्याच दिवशी त्याचे वडील मला भेटायला आले. "सर, हा रात्री अकरापर्यंत वाचत बसतो. आणखी एक क्लास लावू का?" मुलगा शेजारी मान खाली घालून उभा होता. मी त्याला विचारले, "वाचतोस म्हणजे नेमके काय करतोस?" तो म्हणाला, "धडा तीन वेळा वाचतो, सर."

असे मुलगे-मुली मला दरवर्षी भेटतात. ती आळशी नसतात, मंद तर नसतातच. अभ्यास कसा करावा, हे त्यांना कोणी शिकवलेलेच नसते.

तीन वेळा वाचले की मजकूर ओळखीचा वाटू लागतो. पण ओळखीचा वाटणे निराळे आणि आठवणे निराळे. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सूर्य आणि समुद्री ऊदमांजर यांवरचे दोन छोटे उतारे दिले होते. एक उतारा त्यांनी दोनदा वाचला. दुसरा एकदाच वाचून बाजूला ठेवला आणि आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा दोनदा वाचलेला उतारा अधिक आठवला. ज्यांची परीक्षा आठवड्याने घेतली, त्यांच्या बाबतीत मात्र पारडे फिरले. लिहून काढलेला उतारा सुमारे ५६ टक्के आठवला, दोनदा वाचलेला ४२ टक्के. आता तुमची वार्षिक परीक्षा काही पाच मिनिटांनी नसते!

मग घरच्यांनी काय करावे? "अभ्यासाला बस" म्हणण्याऐवजी पुस्तक मिटायला लावावे आणि "काय वाचलेस ते मला सांग" म्हणावे. यासाठी पालक शिकलेले असायला हवेत असे मुळीच नाही. समजा, तुम्ही उत्कलनबिंदूचा धडा वाचलात. स्वयंपाकघरात जा आणि कुकरमध्ये डाळ लवकर का शिजते, ते आईला सांगा. तुम्ही म्हणाल, "दाब वाढतो म्हणून." आई विचारील, "दाबाने डाळ चेपते का रे?" इथे तुम्ही अडखळाल. दाब वाढला की पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते आणि त्या जास्त तापमानाला डाळ लवकर शिजते, हा मधला दुवा तीनदा वाचूनही निसटलेला असतो. पुढे ती विचारील, "मग शिट्टी व्हायला लागल्यावर गॅस मोठा केला तर आणखी लवकर शिजेल?" नाही. जास्तीची वाफ शिट्टीवाटे निघून जाते, दाब वाढत नाही आणि तापमानही तिथेच राहते. गॅस तेवढा वाया जातो. आईला हे अनुभवाने ठाऊक असते. तिने विचारले म्हणून तुम्हाला ते कारणासह कळले.

काही शाळांत आता समुपदेशक असतात. मूल नापास झाले किंवा रडू लागले की त्याला त्यांच्याकडे पाठवतात. हे मला उलटे वाटते. आठवीच्या जूनमध्येच त्यांनी प्रत्येकाला जवळ बसवून विचारावे, "धडा कसा वाचतोस, दाखव बरे." जिथे समुपदेशक नाहीत तिथे वर्गशिक्षकांनी विचारावे. तासाची शेवटची पाच मिनिटे वह्या मिटवून लिहायला दिली तरी पुष्कळ काम होईल. मात्र त्या कागदावर गुण देऊ नयेत. गुण आले की मुले चुका लपवू लागतात. (आम्ही प्राध्यापकही याला अपवाद नाही.)

त्या वडिलांना मी हेच सांगितले. ते संकोचून म्हणाले, "पण सर, मला फिजिक्स येत नाही." मी म्हटले, "फारच उत्तम. तुम्हाला समजेपर्यंत त्याला सांगावे लागेल." दुसऱ्या चाचणीत मुलाला तेरा गुण मिळाले. क्लास अजून लावलेला नाही. वडील मात्र परवा रस्त्यात भेटले, तेव्हा जडत्वाबद्दल मला एक शंका विचारून गेले.