मराठी देवघरात, क्रिओल स्वयंपाकघरात

केडगाव (प्रतिनिधी) : मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. मात्र दर्जामुळे भाषा टिकते काय, हा प्रश्न केडगावसारख्या उपनगरात अधिक टोचतो. सकाळी इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या बसगाड्या येथून मराठी घरांतील मुले घेऊन जातात. या प्रश्नाचे एक उत्तर मॉरिशस बेटावर मिळते.

ब्रिटिशांनी १८३४पासून उसाच्या मळ्यांसाठी तेथे सुमारे ४ लाख ५० हजार भारतीय मजूर नेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातील मराठी कुटुंबे होती. त्यांच्या वंशजांना सरकारने काय दिले नाही? प्राथमिक शाळेत मराठी हा ऐच्छिक विषय आहे, महात्मा गांधी संस्थेत उच्च शिक्षणाची सोय आहे, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी असते. कोकणातील जाखडी तेथे 'झाकरी' या नावाने आजही नाचली जाते. तरीही मराठी घरांतला रोजचा संवाद बहुतांशी क्रिओलमध्ये चालतो.

ही क्रिओल फ्रेंच मळेवाले आणि त्यांचे आफ्रिकी गुलाम यांच्या व्यवहारातून जन्मली. शाळेत विषय म्हणून तिला २०१२मध्ये, म्हणजे मराठीच्या कितीतरी नंतर प्रवेश मिळाला. मात्र घरी क्रिओल बोलणारे २०००च्या जनगणनेत शंभरात सुमारे ७० होते, ते २०२२मध्ये सुमारे ९० झाले. भोजपुरी याच काळात १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर घसरली. मजुरांची सर्वांत मोठी भाषा जिथे टिकली नाही, तिथे मूठभरांच्या मराठीचे काय!

स्पॅनिश भाषक क्युबाची कथा याहून कठोर आहे. तेथील मूळ तैनो भाषा संपली; 'तंबाखू' आणि 'पपई' या शब्दांचे मूळ तिच्यात असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. उलट हैतीहून आलेल्या मजुरांची क्रिओल तेथे आजही बोलली जाते. तिला सांभाळले ते मुख्यतः कुटुंबांनी.

महाराष्ट्राने २०२०च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची केली. निर्णय योग्यच आहे. परंतु त्यातून विषय म्हणून मराठीची हमी मिळते, आणि तेवढी सोय मॉरिशसमध्येही आहे. केडगावातील आईवडील मुलांशी कोणत्या भाषेत बोलतात, हे कायद्याच्या कक्षेबाहेर आहे.