रसायनी गप्पा : तोळाभर गोळीचा वेग

मंडळातली काही मुले शेजाऱ्यांबरोबर हरणांच्या शिकारीला जाऊ लागली आहेत. एका घरी तर काडतुसे घरीच भरण्याचा संच तळघरात आला आहे. तिथून प्रश्न आला, "पुस्तकात दिलाय तेवढा वेग आमच्या गोळीला का येत नाही?"

तीस-ऑट-सिक्स रायफलीची नेहमीची एक गोळी १८० ग्रेन वजनाची. १८३३ साली ठरलेला आपला तोळाही बरोबर १८० ग्रेनचाच! हा तोळा सेकंदाला सुमारे २,७०० फूट धावतो. पण पुस्तकातला आकडा बहुधा २४ इंची नळीचा असतो. तुमची २२ इंची असेल तर इंचामागे वीस-तीस फूट सोडून द्या. शिवाय थंडी. धूरविरहित दारू म्हणजे मुख्यतः नायट्रोसेल्युलोज. ती दाण्याच्या पृष्ठभागावरून जळत जाते, आणि गारठ्यात जरा हळू जळते. जुलैतला वेग नोव्हेंबरात मिळत नाही.

"मग चिमूटभर दारू वाढवू!" नको. हे वरणातले मीठ नव्हे. दाब वाढला की दारू अधिक भराभर जळते, त्याने दाब आणखी चढतो. वेग थोडाच वाढतो, दाब मात्र फार. गोळी जरा खोल बसली, पुंगळी जाड निघाली किंवा टोपी दुसऱ्या कंपनीची वापरली, तरी तेच होऊ शकते. यातले काहीही बदलले की पुस्तकातल्या सुरुवातीच्या, कमी मापावर परत यावे. वेग पुस्तकापेक्षा जास्त भरला तर खूश न होता थांबावे.

आणि वेग हवाच कशाला? कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले. त्या खेळातली पॉइंट टू-टूची काडतुसे मुद्दाम आवाजाच्या वेगाहून हळू ठेवतात. प्रत्येक गोळी सारखी जाणे महत्त्वाचे. (ती कारखान्यातच भरलेली असतात, घरी भरत नाहीत.)

आम्हाला खरी काळजी शिशाची वाटते. बहुतेक टोप्यांत शिशाचे संयुग असते आणि वापरलेल्या पुंगळ्यांवर त्याची धूळ बसते. त्या खोलीत रांगती मुले नकोत, खाणेपिणे नको. झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे, हात साबणाने धुवावेत. दारू मूळ डब्यातच, कुलपात ठेवावी.

वजनकाटा तपासून हवा असेल तर पुढच्या सभेला आणा, आमच्याकडे प्रमाणित वजने आहेत. फक्त काटा आणा, दारू घरीच राहू द्या!