कोर्दोबासाठी एकच दिवस? मग मदीना अझ-झहरा गाळू नका

१/ स्पेनच्या सहलीत माद्रिद आणि सेव्हिल यांच्यामध्ये कोर्दोबाच्या वाट्याला बहुधा तीनच तास येतात. वेगवान रेल्वेने उतरायचे, मशिदीच्या लाल-पांढऱ्या कमानींखाली छायाचित्र काढायचे आणि पुढची गाडी गाठायची. माझे मत असे की, इतिहासाच्या अभ्यासकाने येथे पूर्ण दिवस द्यावा आणि त्याचा उत्तरार्ध शहराबाहेरच्या एका उद्ध्वस्त राजधानीसाठी राखावा.

२/ कोर्दोबाविषयी दोन तयार कथा प्रचलित आहेत. पहिली : येथे मुस्लिम, ख्रिस्ती आणि ज्यू गुण्यागोविंदाने नांदत होते; ख्रिस्ती विजयाने ते सुवर्णयुग संपवले. दुसरी : परक्यांनी बळकावलेली भूमी ख्रिस्ती राजांनी परत मिळवली. तीन तासांच्या भेटीत आपण जी कथा घेऊन जातो, तीच घेऊन परततो.

३/ सकाळ मशीद-कॅथेड्रलसाठी. आठव्या शतकाच्या अखेरीस पहिल्या अब्द अर-रहमानने हे बांधकाम आरंभिले. जुने रोमन व व्हिसिगॉथ स्तंभ वापरले. ते उंचीला अपुरे पडले म्हणून कमानीवर कमान चढवली. पुढील दोन शतकांत तीनदा विस्तार झाला. आज ८५० हून अधिक स्तंभ उभे आहेत.

४/ १२३६ मध्ये तिसऱ्या फर्नांडोने शहर जिंकले. मशिदीचे कॅथेड्रल झाले, पण ती पाडली गेली नाही. १५२३ मध्ये तिच्या मधोमध भव्य ख्रिस्ती वास्तू उभारण्याचे ठरले, तेव्हा विरोधाला उभी राहिली ती ख्रिस्ती नगरपरिषदच. कारागिरांना मृत्युदंडाची धमकी देण्यापर्यंत वेळ आली. अखेर सम्राट पाचव्या चार्ल्सने चर्चच्या बाजूने कौल दिला.

५/ म्हणून सगळे सलोख्याचेच होते काय? मुळीच नाही. ९९७ मध्ये अल-मन्सूरने सांतियागो लुटले आणि तेथील घंटा ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यांवरून कोर्दोबाला आणवल्या. १२३६ नंतर त्याच घंटा मुस्लिम कैद्यांच्या खांद्यांवरून परत गेल्या, असे इतिवृत्ते सांगतात. अपमानाची परतफेड दोन्ही बाजूंना ठाऊक होती.

६/ मशिदीपासून चालत काही मिनिटांवर ज्यू मोहल्ला आहे. तेथील चिमुकले सिनेगॉग १३१५ चे, म्हणजे ख्रिस्ती राजवटीतले. तत्त्वज्ञ मायमोनिडीज याच शहरात जन्मला. त्याच्या कुटुंबाला देशोधडीला लावले ते मुस्लिम अल्मोहाद सत्तेने. आणि १४९२ मध्ये समस्त ज्यूंना स्पेनमधून हद्दपार केले ते ख्रिस्ती राजाराणीने. आता सांगा, यात नायक कोण?

७/ दुपारनंतर मदीना अझ-झहरा. शहराच्या पश्चिमेला सुमारे ८ किलोमीटरवर, डोंगरउतारावर. ९२९ मध्ये खलिफापद धारण केलेल्या तिसऱ्या अब्द अर-रहमानने ९३६ च्या सुमारास ही राजधानी वसवली. १०१० च्या आसपास ती लुटली आणि उद्ध्वस्त झाली. कोणी केली? ख्रिस्ती सैन्याने नव्हे. खिलाफतीच्या गृहयुद्धात तिच्याच बर्बर पलटणींनी. १०३१ मध्ये खिलाफतही संपली. फर्नांडो आला तो त्यानंतर दोनशे वर्षांनी.

८/ दोन्ही तयार कथा येथे कोसळतात. सुवर्णयुगाचा शेवट बाहेरच्या शत्रूने केला नाही, आणि ‘परत मिळवणाऱ्यांच्या’ हाती आली ती आधीच मोडलेली सत्ता. मशिदीत हे उमगत नाही, कारण ती अखंड आहे. त्यासाठी ते ओसाड चौथरेच पाहावे लागतात.

९/ आक्षेप ठाऊक आहे : ‘तिथे पाहण्यासारखे उरलेय काय?’ खरे आहे, उत्खनन अल्पच झाले आहे. म्हणूनच आधी पायथ्याचे संग्रहालय पाहावे, मग वर जावे.

१०/ व्यवहाराचे थोडेसे. सोमवार टाळा, त्या दिवशी मदीना अझ-झहरा बंद असते. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून वसंत किंवा शरद ऋतू बरा. मशिदीत सकाळी लवकर जा, गर्दी कमी असते. वेळा आणि बस निघण्यापूर्वी तपासून घ्या.

११/ वेळ कमी पडलाच, तर राजवाडा गाळा, बाजार गाळा. हे अवशेष मात्र गाळू नका. एखादी सत्ता कशी उभी राहिली हे सांगणाऱ्या वास्तू जगभर आहेत. ती आतून कशी ढासळली हे इतक्या स्पष्टपणे दाखवणाऱ्या जागा थोड्याच.