फासा टाकण्याआधी...

दर वीकेण्डला मॉल आणि मल्टिप्लेक्स करून कंटाळलात? मग आमच्या ग्रुपचा फंडा ऐका. महिन्यातल्या एका रविवारी आम्ही पाच जण वसई रोडला उतरतो, रिक्षा पकडतो आणि थेट वालीव गाठतो. लोक वसईला येतात ते किल्ला बघायला, नाहीतर सुरुची बागेत. आम्ही जातो इंडस्ट्रिअल इस्टेटमधल्या एका गाळ्यात! आमच्यातल्या एकाचा तिथे पत्र्याचे पार्ट काढायचा धंदा आहे. सुट्टीमुळे मशिनं गप्प, पॅकिंगच्या टेबलावर जुना पेपर, टपरीवरचा कटिंग आणि मधोमध वीस बाजूंचा फासा. खेळ अर्थातच 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत आणला. आपण एकेक पात्र घ्यायचं. गेम मास्टर प्रसंग सांगणार आणि विचारणार, 'तू काय करतोस?' पात्राचे गुण सहा : ताकद, चपळाई, दमखम, बुद्धी, तारतम्य आणि करिष्मा. अडचण आली की त्यातला योग्य गुण निवडायचा, फासा टाकायचा, त्यात गुणाचा बोनस मिळवायचा आणि गेम मास्टरने ठरवलेला आकडा गाठायचा. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत सोप्या कामाला १०, मध्यम कामाला १५ आणि अवघड कामाला २०.

सगळी गंमत 'योग्य' या शब्दात आहे, बॉस!

परवा आम्ही १७३९ चा वसईचा वेढा खेळलो. चिमाजी अप्पांच्या फौजेने तेव्हा तटाखाली सुरुंग पेरले आणि मे महिन्यात पोर्तुगीज शरण आले, हा इतिहास. बाकीची गोष्ट आमची. सुरुंग मधेच फुटून एक माणूस गेलाय आणि खोदणारे खाली उतरायला तयार नाहीत.

गाळेवाला मित्र म्हणजे पक्का बोलबच्चन. त्याच्या पात्राचा करिष्मा +३, दमखम शून्य. त्याने लगेच फासा उचलला. "करिष्मा! जोरदार भाषण ठोकतो."

आमची गेम मास्टर आयटी कंपनीत टेस्टर आहे. खोट काढणं तिच्या रक्तात. ती म्हणाली, "थांब. तुला नक्की काय हवंय?"

"त्यांनी खाली उतरावं."

"आणि ते अडलेत कशामुळे? भाषण कमी पडलं म्हणून?"

गाळ्यात एकदम शांतता.

"भाषणच करायचं तर २० लागतील," ती म्हणाली. हिशोब करा : +३ धरूनही फाशावर १७ किंवा जास्त हवेत, म्हणजे विसात चारच संधी. मित्र थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मी आधी उतरतो. रात्रभर आत राहतो. लाकडाचे टेकू लावतो. सकाळी त्यांनी बघावं."

"मग दमखम. आणि आकडा १०."

बोनस शून्य, तरी विसात अकरा संधी! कागदावरचा सगळ्यात मोठा आकडा म्हणजे योग्य गुण नव्हे, तो हा असा. आधी हेतू, मग कृती, गुण सगळ्यात शेवटी. आपण काय करतो ते सांगायचं, त्याला कुठला गुण लागतो ते गेम मास्टर ठरवणार. फासा पडला तेरा. माणसं उतरली.

आम्ही टाळ्या पिटल्या. मित्र मात्र कोपऱ्यातल्या पॉवर प्रेसकडे बघत होता. तिथले ऑपरेटर काका दहा दिवस कामावर आले नव्हते. प्रेसचा गार्ड तुटलेला होता आणि त्यांचं बोट थोडक्यात वाचलं होतं. "मी रोज फोन करतोय रे," तो म्हणाला. "काका, तुमच्याशिवाय गाळा चालत नाही, तुम्ही घरचे आहात... सगळं बोलून झालं."

आम्ही काहीच बोललो नाही. काय बोलणार?

सोमवारी त्याने प्रेस बंद ठेवली. ऑर्डर लेट झाली, पार्टीच्या शिव्या खाल्ल्या. नवा गार्ड बसवून घेतला आणि पहिले दोन दिवस स्वतः प्रेसवर बसला. मग काकांना एवढाच फोन केला, "एकदा येऊन बघून जा."

गुरुवारी काका आले. गार्ड हलवून बघितला, पेडल दाबून बघितलं, परत गार्ड हलवला. आणि म्हणाले, "शेठ, चहा सांगा."

आपल्यापैकी प्रत्येकाचा एक लाडका +३ असतो. कुणाचं गोड बोलणं, कुणाचं लॉजिक, कुणाचं रात्री अकरापर्यंत ऑफिसात बसणं. बॉस चिडला, बायको रुसली, टीम फुटली, की हात आपोआप त्याच्याकडेच जातो. पुढच्या वेळी फासा उचलण्याआधी आमच्या टेस्टरबाईंचा प्रश्न आठवा : समोरचा नेमका कशामुळे अडलाय?