वाजलेली गिटार

गेल्या दिवाळीत नातू पुण्याहून घरी आला. फराळ झाला आणि माझ्या खुर्चीशेजारी बसकण मारून म्हणाला, "आबा, एक सल्ला हवाय. नवी साधी गिटार घेऊ, की जुनी भारीतली?"

आता वाचकहो, मी जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवलेला मास्तर. मला गिटारबद्दल विचारणं म्हणजे आचाऱ्याला पंचांग विचारण्यासारखं. पण पोरगं आपणहून विचारतंय, त्याला 'मला काय कळतं त्यातलं' म्हणून वाटेला लावणं मला जमलं नाही. दोन वर्षांच्या पगारातून त्याने एक लाख दहा हजार बाजूला टाकले होते. त्याच्या आईचं, म्हणजे माझ्या लेकीचं मत ठाम होतं. "एवढ्यात स्कूटर येते. आणि घ्यायचीच तर नवी घे, लोकांची वापरलेली कशाला?"

त्या प्रश्नापायी माझे पुढचे तीन महिने गेले. त्यातून माझं जे मत झालं ते आज लिहितो आहे.

आमच्या घरी तंबोरा आहे, त्यामुळे तारवाद्य म्हणजे भोपळा, पोकळी आणि घुमारा एवढंच माझ्या डोक्यात. इलेक्ट्रिक गिटारचं शरीर बहुतेक वेळा भरीव लाकडाचं असतं हे मला ठाऊक नव्हतं. तारांखाली लोहचुंबकावर बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते, त्याला पिकअप म्हणतात. पोलादी तार कापली की त्या गुंडाळीत वीज उमटते आणि ती अँप्लिफायरमध्ये मोठी होते. गिब्सन कंपनीची 'लेस पॉल' १९५२ सालची आणि फेंडरची 'स्ट्रॅटोकास्टर' १९५४ सालची. आजही जगभरची पोरं याच दोन घराण्यांच्या मागे असतात. गंमत म्हणजे ज्याच्या नावाने फेंडर चालते त्या लिओ फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. मूळचा तो रेडिओ दुरुस्त करणारा माणूस.

माझ्या मनात पहिली शंका आली ती मास्तरकीची. हा फरक खरा, की नावाचा? म्हणून मी परीक्षा घ्यायचं ठरवलं. पुण्यात त्याच्या मित्राच्या खोलीवर तीन गिटारी जमवल्या. एक आठ हजारांची, एक तीस हजारांची आणि एक परदेशी, लाखाच्या वरची. अँप्लिफायर तोच, वाजवणारा तोच. मी भिंतीकडे तोंड करून वही घेऊन बसलो. आठ हजारांची मला दर वेळी ओळखता आली. उरलेल्या दोघींत मात्र मी निम्म्या वेळा चुकलो. म्हणजे नापासच!

मला वाटलं, लागला निकाल. पण मग मी नातवाच्या डोळ्यांवर रुमाल बांधला आणि एकेक गिटार हातात दिली. त्याने प्रत्येक वेळी बरोबर ओळखली, तीही अँप्लिफायर बंद असताना. कशावरून, म्हटलं. म्हणाला, "आबा, दांडीच्या कडा बोटाला टोचत नाहीत. वरच्या पडद्यांवर गेलं तरी सूर सरकत नाही. तार ओढून सोडली की होती तिथे परत येते."

मला वाटतं, महागड्या वाद्यातला फरक ऐकणाऱ्याच्या कानापेक्षा वाजवणाऱ्याच्या हाताला आधी कळतो. ज्याच्या हाताला तो कळत नाही त्याने लाख रुपये घालू नयेत, आणि ज्याच्या हाताला कळतो त्याला 'साधीवर भागव' म्हणून आपण ऐकवू नये. चांगल्या अक्षराच्या मुलाला फाटक्या निबाचं पेन देऊन 'अक्षर महत्त्वाचं, पेन नव्हे' असं मीही वर्गात म्हटलं आहे. त्याचं आज वाईट वाटतं.

आता नवी की जुनी? इथे साधा हिशेब आहे. दुकानातून बाहेर पडताक्षणी वस्तूची जी किंमत उतरते ती पहिल्या मालकाने सोसलेली असते. चांगलं वाद्य नीट ठेवलं तर पुढची वीस-तीस वर्षं सहज वाजतं. शिवाय नवं लाकूड पुढे कसं वागेल याचा अंदाजच करावा लागतो. जुनं लाकूड वाकायचं तेवढं वाकून गेलेलं असतं आणि ते डोळ्यांना दिसतं.

मात्र दिसण्यासाठी पाहावं लागतं. दांडी सरळ आहे का ते बंदुकीसारखी डोळ्यासमोर धरून बघायचं. सहा तारांचा ताण मिळून चाळीस किलोंच्या वर जातो, त्याला तोल द्यायला दांडीच्या आत पोलादी सळई असते. तो तोल साधणारा स्क्रू अजून फिरतो का, हे विचारायचं. पडद्यांवर तारांचे खळगे पडले आहेत का, बोट फिरवून बघायचं. थोडे असतील तर घासून निघतात, पण सगळे पडदे बदलायचे तर खर्च मोठा. बाराव्या पडद्यावर दाबलेला सूर मोकळ्या तारेच्या बरोबर दुप्पट उंचीचा लागतो का, हे मोबाईलवरसुद्धा तपासता येतं. आवाजाची बटणं फिरवताना खरखर येते का, आतले डाख मूळचे आहेत की नंतरचे, खुंट्या बदलल्या आहेत का, हे सगळं पाहायचं. आणि सर्वांत आधी अँप्लिफायर न लावता वाजवायची. जी कोरडी बोलत नाही ती यंत्राने ओरडेल फक्त.

फेंडरची दांडी चार स्क्रूंनी बसवलेली असते, बिघडली तर बदलता येते. गिब्सनची सरसाने चिकटवलेली. शिवाय तिचा खुंट्यांचा माथा सुमारे १७ अंश मागे कललेला, आणि सळईच्या स्क्रूसाठी नेमकं तिथेच लाकूड कोरलेलं. त्यामुळे स्टँडवरून मागे पडली की मोडते ती तिथेच. जुनी गिब्सन घेताना पहिला अंगठा फिरवायचा तो या मानेवर.

आम्ही शेवटी मुंबईत दोन गिटारी पाहिल्या, दोन्ही लेस पॉल. पहिली एका तरुण गृहस्थांकडे होती, वरच्या संरक्षक पट्टीवरचं प्लॅस्टिकसुद्धा न काढलेली. तिची किंमत आमच्या आवाक्याबाहेर होती, तरी नातवाच्या नजरेत ती भरली. मी विचारलं, "तुम्ही काय वाजवता?" ते म्हणाले, "मी वाजवत नाही हो काका, इन्व्हेस्टमेंट म्हणून घेतली होती." माणूस सरळ होता, पण तिथून निघताना मला उगीच उदास वाटलं.

दुसरी वांद्र्याच्या एका जुन्या घरात. मालक मूळचे गोव्याचे, माझ्याच वयाचे, हॉटेलांच्या बँडमधून वाजवत आयुष्य काढलेले. पेटी उघडण्याआधीच त्यांनी सांगितलं, "सर, एक गोष्ट आधी. हिची मान मोडलेली आहे. माझ्याच हातून पडली. चांगल्या कारागिराकडून चिकटवून घेतली, त्यानंतर अकरा वर्षं वाजवली. बघा." आणि गिटार उलटी करून, खिडकीच्या उजेडात तिरकी धरून तो केसाएवढा सांधा त्यांनी स्वतः बोट ठेवून दाखवला. त्यांनी विकायला काढली होती ती खांद्यामुळे. चार किलोंचं ओझं आता पेलत नाही आणि डाव्या हाताची बोटं सकाळी मिटत नाहीत.

माथ्यामागे आठ आकडे होते. त्या काळच्या गिब्सनवर पहिला आणि पाचवा आकडा मिळून साल, आणि मधले तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. इथे ९ आणि २, मध्ये १३४. मी बोटांवर मोजून १४ मे म्हणालो. नातू म्हणाला, "आबा, लीप वर्ष." खरंच की! १३ मे १९९२, बुधवार, आणि शेवटच्या तीन आकड्यांवरून कारखाना नॅशव्हिलचा. अर्थात नकली गिटारीवर आकडेही नकली घालतात, म्हणून आकड्यांवर भिस्त ठेवू नये. पण इतर सगळं जुळत असेल तर तो एक साक्षीदार. बोटांखालची पट्टी शिसवीची. अमेरिकेतल्या गिटारींसाठी कित्येक दशकं भारतातली शिसव जात आली आहे, हे मला त्याच दिवशी कळलं.

किंमत पंच्याण्णव हजार. मान धड असती तर दीड लाखाच्या आसपास गेली असती. फोनवर लेक म्हणाली, "मोडकी घेताय? उद्या विकायची वेळ आली तर?"

मला सौ.चा तंबोरा आठवला. मिरजेचा, तिच्या माहेरून आलेला. आमच्या बदलीच्या धावपळीत ट्रकमध्ये त्याच्या भोपळ्याला चीर गेली तेव्हा ती दोन दिवस जेवली नव्हती. मिरजेच्या कारागिराने तो सांधून, जवारी काढून दिला आणि पुढे तीस वर्षं ती त्यावर गायली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ती ख्याती नवे तंबोरे घडवून झाली, तशीच जुने सांधूनही झाली असं मला वाटतं. आमच्या तंबोऱ्याला कोणी कधी मोडका म्हटलं नाही.

लेकीचा मुद्दा मात्र खोटा नाही. सांधलेली गिटार विकताना किंमत कमीच येणार. पण घेतानाही ती कमीच दिली आहे, मग बुडालं काय? बुडतो तो, ज्याला सांधा लपवून पूर्ण किमतीला विकली जाते. म्हणून माझं मत असं, की जुन्या वाद्यात दोष नाही असं सांगणाऱ्यापेक्षा दोषावर बोट ठेवून दाखवणाऱ्याकडून घ्यावं. घेताना जाणकार मात्र सोबत न्यावा. आम्ही नेला होता. त्याने दिवा लावून सांधा तपासला, अर्धा तास वाजवून घेतली, आणि मगच मान डोलावली.

व्यवहार झाला. अंकलनी पेटी बंद करण्याआधी एकदा तारांवरून हात फिरवला आणि नातवाला म्हणाले, "रोज वाजव हां. ठेवून देऊ नको."

ते वाक्य नातवासाठी होतं, पण घरी आल्यावर लागलं मला. आमच्या दिवाणखान्याच्या कोपऱ्यात तो तंबोरा गेली आठ वर्षं गवसणी घालून उभा आहे. सौ. गेल्यापासून मी फक्त गवसणीवरची धूळ झटकतो. त्या वांद्र्याच्या तरुणाबद्दल उदास व्हायचा मला काय अधिकार?

मागच्या आठवड्यात तारा आणि जवारीसाठी तो मिरजेला टाकून आलो. शेजारची मुलगी गाणं शिकते, तिला रियाजाला तंबोरा नाही, मोबाईलवरचा लावते. तिच्या आईशी बोललो आहे. कारागिराने पंधरा दिवस सांगितले आहेत.

असो. कोपरा रिकामा दिसेल, पण त्याची सवय होईल.